वनौषधींतील भेसळ आणि दूषितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनौषधी शिकवण्यात आणि तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. या काळात लोकांनी पत्रांतून, फोनवरून आणि कित्येकदा पिशवीत पुड्या घेऊन समक्ष येऊन विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘ही वनस्पती चांगली का?’ असा असतो. त्याचे उत्तर ग्रंथात मिळते. पण आपल्या हातातल्या पुडीत तीच वनस्पती आहे का आणि तिच्यासोबत आणखी काय आले आहे, हे ग्रंथ सांगू शकत नाही. खालची उत्तरे या दुसऱ्या प्रश्नाची आहेत. चालू उपचार मात्र केवळ हे वाचून बदलू नयेत.

१. औषध झाडपाल्याचे आहे, मग त्यात विषारी काही येईलच कसे?

तीन वाटांनी येते. पहिली वाट दूषिततेची: माती, पाणी, फवारणी, वाळवण्याची जागा आणि दळण्याचे यंत्र यांतून नको ते पदार्थ औषधात उतरतात. दुसरी वाट अदलाबदलीची: एका वनस्पतीच्या नावाखाली दुसरीच विकली जाते, कधी अज्ञानाने तर कधी नफ्यासाठी. तिसरी वाट उघड फसवणुकीची: चूर्णात आधुनिक औषधाची पूड गुपचूप मिसळतात. याशिवाय काही वनस्पती स्वतःच तीव्र असतात. कुचला, बचनाग आणि बिब्बा ही द्रव्ये शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरू नयेत, असे आयुर्वेदच सांगतो. ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे सूत्र आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही. ते अलीकडच्या जाहिरातींनी रुजवले आहे.

२. शिसे आणि पारा वनस्पतीच्या औषधात येतात कुठून? त्यांची मर्यादा किती असते?

रस्त्याकडेची किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेली वनस्पती मातीतले शिसे व कॅडमियम ओढून घेते. मुळे आणि कंद थेट मातीत असल्यामुळे ती नीट धुतली नाहीत, तर मातीही चूर्णात जाते. एकाच यंत्रात आधी पाऱ्याचे औषध आणि नंतर साधे चूर्ण दळले, तर पहिल्याचे अवशेष दुसऱ्यात उतरतात. रंगानेही घात होतो. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेले रंगद्रव्य, चोळले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. हळद आपल्याकडे स्वयंपाकात आणि औषधात दोन्हीकडे असल्यामुळे हे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते.

आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, निव्वळ वनस्पतीजन्य औषधासाठी दर दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग अशी मर्यादा आहे. निर्यात होणाऱ्या अशा औषधांची जड धातूंसाठी तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. मूळ द्रव्यातच धातू घातला जातो अशा औषधांना ही मर्यादा लागू होत नाही. त्यांच्याविषयी पुढचा प्रश्न पाहावा.

३. रसौषधींत पारा आणि भस्मे मुद्दामच घालतात. मग त्यांना दूषित म्हणायचे का?

नाही. तो दूषिततेचा प्रकार नव्हे, पण सुरक्षिततेचा प्रश्न तेथेही उरतोच. नागभस्म शिशापासून बनते आणि रससिंदूर पारा व गंधकापासून. त्यामुळे अशा औषधात धातू सापडणे अपेक्षितच असते. रुग्णाला ते ठाऊक नसणे ही खरी अडचण आहे. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ ही नावे दुकानात शेजारी शेजारी दिसतात. पहिला मुख्यतः वनस्पतींचा आहे, दुसऱ्यात नागभस्मासह अनेक भस्मे असतात. ‘मोठा तो जास्त गुणकारी’ असे समजून लोक दुसरा स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेतात.

भस्म नीट झाले की नाही हे पाहण्याच्या परंपरागत कसोट्या आहेत: वारितर, म्हणजे पाण्यावर तरंगणे; रेखापूर्ण, म्हणजे बोटाच्या रेषांत भरून बसणे. या कसोट्यांमागचे निरीक्षण सूक्ष्म आहे आणि कणांच्या बारीकपणाविषयी त्या बरेच सांगतात. परंतु त्या भस्मातून रक्तात किती शिसे उतरेल, हे त्यांतून कळत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील अनुसूची ‘ई-१’ मध्ये पारा, हिंगूळ, हरताळ, बचनाग, कुचला, बिब्बा अशी द्रव्ये दिलेली आहेत आणि ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना दिसली की औषध वैद्याच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, गर्भवतींनी व लहान मुलांनी तर मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. दुकानदाराने दिलेली वनस्पती खरी आहे, हे कसे ओळखावे?

वाळलेला तुकडा किंवा चूर्ण पाहून सामान्य माणसाला बहुतेक वेळा ओळखता येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. सीतेच्या अशोकाच्या सालीऐवजी बागेतल्या उंच, सरळ वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल विकली जाते. नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या येतात. ब्राह्मी म्हटले की कोणी एक वनस्पती देतो, कोणी मंडूकपर्णी. अशा अदलाबदलीत बहुधा एवढेच होते की गुण येत नाही, पैसे मात्र जातात.

काही वेळा मात्र परिणाम भीषण होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या उपचारात एका चिनी वनौषधीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती चुकून आली. शंभरहून अधिक जणांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे त्यांतल्या अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडच्या ईश्वरी आणि किडामारी या त्याच कुळातल्या आहेत. जंतांवर किडामारी देण्याची प्रथा जेथे अजून आहे, तेथे ती थांबायला हवी.

साबूत द्रव्य घेतले तर निदान तपासणाऱ्याला काही दिसते. चूर्ण झाले की सूक्ष्मदर्शक किंवा रासायनिक चाचणीच लागते. म्हणून शक्यतो साबूत द्रव्य घ्यावे आणि जाणकाराला दाखवून घरी कुटावे.

५. गुळवेलीने यकृत बिघडते असे ऐकले. ते खरे आहे का?

करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण आढळले, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर कावीळ झाली होती. २०२१ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती हे तपासलेले नाही आणि ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला सारखी असणारी जात असू शकते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी देशातील अनेक केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती एकत्र होऊन प्रसिद्ध झाली. स्वप्रतिकार यकृतदाहाकडे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याकडे, ज्यांचा आधीपासून कल आहे, त्यांच्यात गुळवेलीमुळे तो आजार जागा होत असावा, अशी शक्यता या तज्ज्ञांनी मांडली आहे.

ओळखीचा मुद्दा आपण हातात घेऊन पाहू. आपल्या गुळवेलीचे खोड हाताला बऱ्यापैकी गुळगुळीत लागते, त्यावर बारीक ठिपके असतात, वरची पातळ पापुद्र्यासारखी साल नखाने सुटते आणि खाली हिरवा रंग दिसतो. आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. क्रिस्पा जातीचे खोड मात्र चामखिळी आल्यासारखे उंचवट्यांनी भरलेले असते. असे खडबडीत खोड दिसले तर ते वापरू नये.

ओळख पटल्यानेही सगळा प्रश्न मिटत नाही. यकृताचा कोणताही विकार, थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार किंवा ल्युपससारखा आजार असलेल्यांनी गुळवेल घेऊ नये, आणि इतरांनी ती रोजचे पेय म्हणून महिनोन्‌महिने घेऊ नये. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे किंवा अन्नावरची वासना जाणे, यांतले काहीही दिसले तर काढा त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी.

६. सांधेदुखीच्या एका पुडीने दोन दिवसांत आराम पडला. एवढे गुणकारी औषध संशयास्पद कसे?

तो झटपट आरामच संशयाचे कारण आहे. सांधेदुखी व दम्याच्या ‘जडीबुटी’त डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके, मधुमेहाच्या चूर्णात ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारे औषध आणि ‘शक्तिवर्धक’ गोळ्यांत सिल्डेनाफिल मिसळल्याची प्रकरणे जगभर वारंवार उघड झाली आहेत. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले १५० जण रक्तातली साखर एकाएकी उतरल्यामुळे रुग्णालयात आले आणि त्यांतले ४ दगावले. लैंगिक शक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड निघाले.

माझ्याकडे एकदा एक आजी आल्या होत्या. चेहरा गोल सुजलेला, हातांवर जरा धक्का लागला की काळेनिळे डाग आणि हातात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पांढुरक्या पुड्या. ‘बाई, भूक किती छान लागते हो आता,’ असे त्या मला कौतुकाने सांगत होत्या. चेहरा सुजणे, भूक वाढणे, कातडी पातळ होणे, साखर व रक्तदाब चढणे ही सगळी स्टेरॉइडची चिन्हे आहेत.

येथे एक गोष्ट जिवाची आहे. अशी पुडी कित्येक आठवडे घेतली असेल, तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. एकाएकी बंद केल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. इतर औषधांबाबतचा ‘आधी थांबवा’ हा सल्ला येथे लागू होत नाही.

७. वेष्टनावर नेमके काय पाहावे?

उत्पादन परवाना क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत, घटकांची यादी आणि ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द. शास्त्रोक्त औषध असेल तर कोणत्या ग्रंथातला पाठ आहे, हेही लिहिलेले असते. यांतले काही नसेल तर घेऊ नये.

मात्र तीन पळवाटा लक्षात ठेवाव्यात. पहिली: वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी बनवलेल्या औषधाला उत्पादन परवान्याची अट नाही, त्यामुळे कागदी पुडी बेकायदा असतेच असे नाही, पण तिच्यात काय आहे हे विचारण्याचा आणि लिहून मागण्याचा संकोच करू नये. सचोटीचा वैद्य आनंदाने लिहून देतो. दुसरी: आयुर्वेदिक औषधे विकण्यासाठी वेगळा विक्री परवाना लागत नाही, म्हणून ‘दुकान मोठे आहे’ या गोष्टीने काहीच सिद्ध होत नाही. तिसरी: काही उत्पादनांवर औषधाचा परवाना नसून फक्त एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, क्रमांक असतो. ती कायद्याने अन्न म्हणून विकली जातात आणि रोग बरा करण्याचा दावा त्यांना करता येत नाही.

८. चूर्णाला कोंदट वास आला किंवा बुरशी दिसली तर ऊन दाखवून वापरता येईल का?

नाही, ते टाकून द्यावे. बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असून उन्हाने किंवा उकळण्याने ते नष्ट होईल, असा भरवसा धरता येत नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की नुसत्या कागदी पुडीतले चूर्ण थोड्याच दिवसांत ओल धरते. तेथे लहान पॅक घेऊन घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवणे बरे. व्यापारी पातळीवर मसाले आणि वनौषधी यांच्यावर किरणप्रक्रिया करतात. नवी मुंबईत वाशी येथे तसे केंद्र आहे. या प्रक्रियेने जंतू मरतात, शिसे किंवा आधीच तयार झालेले विष मात्र जात नाही.

९. बाळगुटी द्यावी की नाही? आमच्या आजीने आम्हा सगळ्यांना दिली होती.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यामागे माया असते, म्हणून सविस्तर लिहितो. सहाणेवर आईच्या दुधात वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, अतिविष, हळकुंड यांचे मोजून वेढे द्यायचे आणि बोंडल्याने किंवा चमच्याने ते चाटण बाळाच्या तोंडात सोडायचे, हे चित्र आपल्या बहुतेक घरांतले आहे. आजीची गुटी आणि आजची गुटी यांत मात्र मोठा फरक पडला आहे. आजी साबूत मुळ्या ओळखीच्या माणसाकडून घेत असे. आज तयार पाकीट येते, त्यात अतिविष खरे आहे का, हे घेणाऱ्याला कळत नाही. अतिविष महाग असल्यामुळे त्याची बदली होते आणि जहाल विषारी बचनाग हा त्याच्याच कुळातला आहे. वेखंडातील बीटा-ॲसारोन या घटकाने प्रयोगातल्या प्राण्यांत कर्करोग झाल्यामुळे अमेरिकेत वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास १९६८ पासून बंदी आहे. जायफळाचे वेढे जास्त झाले तर बाळ गुंगून पडते, आणि आपण म्हणतो, ‘शांत झोपलं.’

त्यातच सहाण नुसती पुसून ठेवली जाते आणि तिच्या खाचांत कालचे चाटण राहते. शिशाचा मेंदूवर होणारा परिणाम तान्ह्या मुलांत सर्वांत जास्त असतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि मी तोच देतो. तयार गुटीची गोळी किंवा रंगीत चूर्ण कोणत्याही वयाच्या बाळाला देऊ नये.

१०. घरच्या कुंडीतली वनस्पती तरी सुरक्षित असते ना?

ओळख पक्की असेल, माती चांगली असेल आणि फवारणी केलेली नसेल, तर बाजारच्या चूर्णापेक्षा ती नक्कीच बरी. हमरस्त्याकडेची, नाल्याकाठची किंवा कडुनिंबावर चढली आहे एवढ्याच कारणाने तोडून आणलेली वेल घेऊ नये.

रसांच्या बाबतीत जिभेचे ऐकावे. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर त्यात कुकर्बिटासिन ही विषारी द्रव्ये वाढलेली असतात. अशा रसाने माणसे दगावल्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमून कडू रस पिऊ नये, असा इशारा दिला. ‘कडू म्हणजे औषधी’ असे मानून घोट संपवणारे अजूनही भेटतात.

११. डॉक्टरांची औषधे चालू आहेत. सोबत वनौषधी चालेल का?

दोन्हीकडे सांगून चालू शकते, लपवून नाही. ज्येष्ठमध बराच काळ घेतल्यास पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. रक्तदाब किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला ते बाधते. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत कारल्याचा किंवा मेथीचा अर्क घेतल्यास साखर फार उतरू शकते. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेले मद्य असते, हे झोपेची किंवा फिटची औषधे घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर घेत असलेल्या प्रत्येक चूर्णाचे नाव भूलतज्ज्ञांना सांगावे.

१२. गरोदरपणात वनौषधी घ्यावी का?

प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ या काळात आयुर्वेदिक औषधे घेतलेल्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. काहींनी ती औषधे अपत्यप्राप्तीसाठी घेतली होती. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि गरोदरपणात हाडांतून पुन्हा रक्तात येऊन बाळापर्यंत पोहोचते. म्हणून ‘लग्नाआधी घेतले होते, आता बंद आहे’ ही माहितीही डॉक्टरांना द्यावी.

१३. शिशाची बाधा झाली आहे का, हे कसे कळेल?

पोटात कळा, चिवट बद्धकोष्ठता, थकवा, कारण न सापडणारा पांडुरोग (रक्तक्षय), चिडचिड आणि हातापायांत अशक्तपणा ही लक्षणे असतात. पोटदुखीवर आणखी चूर्ण घेतले जाते आणि बाधा वाढते. रक्तातील शिशाची चाचणी मोठ्या प्रयोगशाळांत होते. एका डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आर्सेनिकसाठी लघवी तपासतात, पण आधीचे काही दिवस मासळी खाऊ नये, नाहीतर आकडा फुगतो. बाजारात ‘डिटॉक्स’ म्हणून मिळणाऱ्या काढ्यांनी शिसे निघत नाही. त्यासाठीची औषधे रुग्णालयातच दिली जातात.

१४. त्रास झाला तर तक्रार कोठे करावी?

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, गोव्यात तेथील अन्न व औषध प्रशासन संचालनालयात. याशिवाय ‘आयुष सुरक्षा’ या राष्ट्रीय व्यवस्थेत दुष्परिणामांची नोंद होते; तिचे समन्वय केंद्र दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. उरलेले औषध, वेष्टन आणि बिल टाकू नये. बॅच क्रमांकाशिवाय तपास पुढे सरकत नाही.

१५. परदेशातल्या मुलाला येथून औषध पाठवावे, की तेथेच बनलेले जास्त शुद्ध असते?

२००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळले. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात इंटरनेटवरून घेतलेली १९३ उत्पादने तपासली, तेव्हा अमेरिकेत बनलेल्यांपैकी २१.७ टक्के आणि भारतात बनलेल्यांपैकी १९.५ टक्के उत्पादनांत धातू निघाले. म्हणजे देशाच्या नावावरून शुद्धता ठरवता येत नाही. प्रवासात सुट्या पुड्या देऊ नयेत. तेथील डॉक्टरांना घटक कळायचे तर मूळ वेष्टन लागते.

१६. विक्रेत्याने प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला. आता तरी निश्चिंत व्हावे का?

अहवाल हातात घेऊन वाचावा. त्यावरचा बॅच क्रमांक आणि डबीवरचा क्रमांक एकच आहे का? प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का? आणि तपासले काय आहे? कित्येक अहवालांत ओलावा, राखेचे प्रमाण आणि जंतुसंख्या एवढेच असते. त्यावरून शिसे किंवा स्टेरॉइड नाही असे म्हणता येत नाही, कारण ते शोधलेलेच नसते. एका विक्रेत्याने मला दाखवलेल्या अहवालात सगळे आकडे उत्तम होते, फक्त तारीख तीन वर्षांपूर्वीची होती आणि समोरची डबी त्याच महिन्यात भरलेली होती.